गुरुवारची मोहोर

ग्लॅडिस डाबरे आली तेव्हा शिरीष देवस्थळी पोळीचा पहिला घास मोडत होते. रविवारी दुपारी जेवायला बसलं की दार वाजायचंच, अशी त्यांची जुनी तक्रार होती. दार वाजलं की त्यांच्या बायकोचे डोळे चमकतात, ही दुसरी.

मेधा देवस्थळी मुंबईला विमा कंपनीत चोरीच्या दाव्यांची चौकशी करायची. नवऱ्याच्या बँकेतल्या नोकरीमुळे बहरीनला, मनामाला आली आणि इथेही तेच काम खासगीत करू लागली. शिरीष तिच्याबरोबर गाडी चालवायला जात आणि ज्याच्यावर संशय घेऊ नये त्याच्यावर आधी घेत.

ग्लॅडिस नर्स होती, मूळची वसईची. ती रडली नाही. पाणीसुद्धा न पिता बोलू लागली.

तिचा नवरा विल्फ्रेड आणि वडील एडवर्ड तुस्कानो, दोघेही बाब-अल-बहरीनजवळच्या हारूनशेठच्या, बंदरातून माल सोडवणाऱ्या क्लिअरिंग कचेरीत नोकरीला होते. तिथल्या तिजोरीत हारूनच्या आजीचे मोती होते, बहरीनच्या समुद्रातून बुडी मारून काढलेले, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले. काल शनिवारी सकाळी तिजोरी उघडली तर थैली नव्हती. कुलूप फुटलेलं नव्हतं आणि किल्लीच्या भोकावरची लाखेची मोहोर जशीच्या तशी होती.

"मोहोर मारायचा पितळी ठसा विल्फ्रेडच्या गळ्यात असतो, मेधाताई. क्रुसाबरोबर. म्हणजे तिजोरी उघडून पुन्हा मोहोर मारणारा विल्फ्रेडच, असं शेठ म्हणतो. पोलिसात देत नाही, ते पपांकडे बघून. पण पासपोर्ट काढून घेतलाय आणि गुरुवारच्या विमानाचं तिकीट काढलंय. चोर म्हणून वसईला पाठवणार."

"आणि तुझे पपा काय म्हणतात?"

"मोहोर शाबूत होती, असं शपथेवर सांगितलं त्यांनीच." ग्लॅडिसने रुमालाची घडी केली आणि मोडली. "ते खोटं बोलत नाहीत. म्हणूनच भीती वाटते."

मग बाकीचं कळलं. हे सगळे एडन बंदरातून आलेले. एडवर्ड तिथे इंग्रजांच्या बंदर-खजिन्यात हेडक्लार्क होता. सदुसष्टच्या अखेरीस इंग्रज गेले, त्यांच्याबरोबर तोही गेला. विल्फ्रेड आणि ग्लॅडिस मात्र राहिले. दीड वर्षात तिथे कम्युनिस्ट पक्के बसले. विल्फ्रेडने त्यांचीही नोकरी केली, त्र्याहत्तरपर्यंत. ही गोष्ट सासऱ्याने जावयाला कधी माफ केली नव्हती. आता तिघं उम्म अल हस्समला एकाच फ्लॅटमध्ये राहत होते आणि सासरा-जावई जेवताना मीठसुद्धा ग्लॅडिसकडे मागत होते.

"क्रांतीत फार भोगलंत का हो?" शिरीषनी हळहळून विचारलं.

ग्लॅडिसला प्रश्न कळला नसावा. क्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आपली सकाळची ड्यूटी होती, ती म्हणाली. मेट्रन तीच, उशीर झाला म्हणून ओरडली तीही तशीच.

शिरीषची जरा निराशा झाली.

हारूनशेठ साठीकडे झुकलेला, मुंबईत बालपण गेलेला मोत्यांच्या व्यापाऱ्याचा मुलगा. मेधाशी तो अस्खलित हिंदीत बोलला आणि चौकशीला ना म्हणाला नाही, पण त्याचं मत झालेलं होतं. कालपासून तिजोरीची खोली त्याने स्वतः बंद ठेवली होती. चहाची मात्र त्याने न विचारता सोय केली.

कचेरीच्या दाराच्या किल्ल्या तिघांकडे होत्या. एक त्याच्याकडे, एक एडवर्डकडे, एक रोज सकाळी लवकर येऊन कचेरी उघडणाऱ्या मायकल आल्मेडाकडे. तिजोरीची किल्ली फक्त एडवर्डकडे. जावई त्याच घरात झोपतो, तेव्हा सासऱ्याच्या खिशातल्या किल्ल्या त्याला अवघड नाहीत, हे हारूनने बोटावर मोजल्यासारखं सांगितलं.

तिजोरी बंद करायची रीत एडवर्डने एडनहून आणली होती. संध्याकाळी तो किल्ली फिरवायचा. मग वरच्या मुठीतून एक फीत ओवून, गाठ मारून भोकावरून खाली ताणायची, मायकलने मेणबत्तीवर लाख वितळवून फितीच्या टोकावर ओतायची आणि विल्फ्रेडने तीवर ठसा दाबायचा. सकाळी एडवर्डने लाख मोडायची. मोहोर मारणाऱ्याने ती मोडायची नाही, हा नियम. मोडलेल्या फिती बिस्किटांच्या डब्यात पडायच्या आणि आठवड्याने मायकल त्यांची लाख खरवडून पुन्हा वितळवायचा.

या शनिवारी खोलीच बंद झाल्यामुळे डबा तसाच राहिला होता.

मेधाने आधी तिजोरी पाहिली. भोकाभोवतीच्या पितळेवर ओरखडेच ओरखडे होते, किल्ली चुकून घासल्याचे. तिने एकावर नख फिरवलं. सगळे जुने, काळवंडलेले. ताजा एकही नव्हता.

मग तिने डबा ओतला. वरच्या गाठीवरून प्रत्येक फितीचं वरचं टोक कळत होतं. ती फिती ओळीने मांडू लागली. लाखेच्या तुकड्यांवर हारूनच्या कंपनीचं चिन्ह होतं, खजुराचं झाड.

शिरीषनी वाकून पाहिलं आणि जीभ टाळ्याला लावून च् च् केलं. कुठे झाड उजवीकडे कललेलं, कुठे आडवं पडलेलं, एक तर जवळजवळ उलटं. डब्याच्या तळाची एक आणि सर्वांत वर पडलेली, काल मोडलेली एक, एवढ्या दोनच सरळ, शेंडा नीट वर.

"तुझ्या विल्फ्रेडच्या हाताला वळण नाही," ते म्हणाले. "आठवडाभरात दोनच धड मारल्यात."

"अहो, तुमच्या तोंडात साखर पडो," मेधा म्हणाली. का, ते तिने सांगितलं नाही आणि शिरीष ते विसरूनही गेले.

पहिला बोलावला सदानंद कारखानीस, पुण्याचा अकाउंटंट. तो कचेरीच्या वरच्याच खोलीत राहायचा, म्हणून शिरीषची नजर त्याच्यावर आधीच बसली होती. शुक्रवारी तो अवालीला क्रिकेट बघायला गेला होता. तिजोरीच्या खोलीत आपण पाऊल टाकत नाही, असं त्याने दोनदा सांगितलं. किल्ली कधी हातात धरलेली नाही. लाख आणि मेणबत्त्यांचा तो पोरखेळ बघून हसू येतं, असंही म्हणाला, आणि मग घाबरून आजूबाजूला पाहिलं.

"फारच घामाघूम होता," तो गेल्यावर शिरीष म्हणाले.

"बहरीनमध्ये जून आहे," मेधा म्हणाली.

एडवर्ड तुस्कानो ताठ बसला. कोटाची बटणं लावलेली, केस पाणी लावून बसवलेले. मेधाने आपलं कार्ड पुढे केलं. त्याने ते घेतलं, नाकाजवळ नेलं, मान हलवली आणि वाचल्यासारखं करून खिशात टाकलं. कार्ड उलटं होतं.

मोहोर शाबूत होती का, या प्रश्नावर तो चिडला. "मी तेवीस वर्षं खजिना सांभाळला, बाई. फुटकी मोहोर मला कळते. अखंड होती. तडा नव्हता." जावयाबद्दल विचारलं तर म्हणाला की ज्याने त्या लाल लोकांचं मीठ खाल्लं त्याच्याबद्दल आपल्याला काही म्हणायचं नाही. "आम्ही गेलो त्या दिवशी ती कचेरी मेली. त्यांनी सगळं उधळलं. मायकलला विचारा, त्याने डोळ्यांनी पाहिलंय."

मायकल एडनलाच होता का, असं मेधाने विचारलं. होय, माला धक्क्यावरच्या छोट्या खजिन्यात, आपण निघाल्यानंतर लागलेला. विल्फ्रेड मुख्य कचेरीत, म्हणून त्यांची गाठ पडली नव्हती. आठ महिन्यांपूर्वी हा बिचारा इथे आला, तेव्हा आपणच शेठकडे शब्द टाकला.

"माला धक्क्यावरची रीत वेगळी होती का?"

"वेगळी कशी असेल? तिथल्या माणसांना मीच शिकवलं. एकेकाचा हात धरून." आता पहिल्यांदा म्हाताऱ्याचा चेहरा सैल झाला.

मायकल आल्मेडा चाळिशीचा, गोड बोलणारा, मूळ माझगावचा. मआमीरला चौघांच्या खोलीत राहायचा. शुक्रवारी चर्चची मिसा चुकवली नाही, म्हणाला, मग दिवसभर खोलीवर पडून होतो. बाकीचे तिघं शिफ्टला गेले होते, त्यामुळे साक्षीदार मात्र मफी, कोणी नाही.

एडनबद्दल विचारताच तो खुलला. शिरीषनी खुर्ची पुढे ओढली.

सत्ता हातात आली त्याच सकाळी ते बंदुका घेऊन आत घुसले, मायकल सांगू लागला. तिजोऱ्या फोडल्या. कागद खिडकीतून समुद्रात. जुन्या सगळ्या कारकुनांना भिंतीशी उभं करून हाकललं आणि खुर्च्यांवर शेंबडी पोरं बसवली. इंग्रजांचा नियम म्हणून जे जे होतं ते त्या दिवशी खलास. आपल्याला तेवढं मजूर म्हणून ठेवून घेतलं. पुढची तीन वर्षं तिथे मोहोर नाही, कुलूप नाही.

शिरीष हेलावून गेले. मेधाने त्याला फक्त एक विचारलं. एडवर्ड अंकलची सकाळी काही मदत करावी लागते का? अंकलचं वय झालं, मायकल हसून म्हणाला, किल्ली आपणच लावून देतो, मोहोर तेवढी ते स्वतः मोडतात. मग जीभ चावली आणि म्हणाला, शेठना सांगू नका, अंकलना वाईट वाटेल.

शेवटी विल्फ्रेड. हा माणूस आधीच निघून गेल्यासारखा बसला होता. गुरुवारी मोहोर आपण मारली. शनिवारी पहाटेच मीना सलमान बंदरात बोटीवर गेलो. परतलो तेव्हा खोली बंद होती आणि सगळे आपल्याकडे बघत होते. ती फीत त्याने पाहिलीच नव्हती. कोणी दाखवली नाही, त्याने मागितली नाही.

"तुम्ही भांडलात का नाही?" मेधाने विचारलं.

"पपांनी शपथ घेतली. त्यांना खोटं पाडून मी त्याच घरात कसा जेवू?"

मेधाला हा माणूस आवडला होता आणि तिला त्याचा रागही आला होता. मग तिने त्याला क्रांतीनंतरची सकाळ विचारली.

विल्फ्रेडने खांदे उडवले. "सांगण्यासारखं काही नाही. सातला गेलो. शिपाई तोच, घंटा तीच. भिंतीवरचा फोटो काढला होता, तिथला रंग तेवढा उजळ दिसत होता. नवा संचालक म्हणजे आमच्याकडे टायपिंग करणारा पोरगा. मला बाजूला घेऊन म्हणाला, तिजोरी कशी बंद करतात ते दाखव. पपांनी मला जसं शिकवलं तसं त्याला शिकवलं. ठसा बदलला, त्यावर चांदणी आली. बाकी ठसा धरायचा कसा, रोजचा कसा, सुट्टीच्या आदल्या दिवशी कसा, एक गोष्ट बदलली नाही. त्यांना तरी दुसरं काय येत होतं?"

"हे पपांना सांगितलंत?"

"मायकलची गोष्ट त्यांना जास्त आवडते."

गाडीत शिरीष म्हणाले, विल्फ्रेड काहीतरी लपवतोय. एवढी मोठी क्रांती आणि याला आठवतं काय, तर भिंतीचा रंग. मायकलचं कसं डोळ्यांसमोर उभं राहिलं.

"हो ना," मेधा म्हणाली. "अगदी तुम्हाला हवं तसं."

सोमवारी दुपारी तिच्या सांगण्यावरून सगळे तिजोरीच्या खोलीत जमले. हारून खुर्चीत, एडवर्ड त्याच्या शेजारी. सदानंद दारापाशी, पळायची सोय बघून. मेधाने टेबलावर फीत, लाख आणि मेणबत्ती ठेवली आणि विल्फ्रेडच्या गळ्यातला ठसा मागून घेतला.

"मायकल, तुम्ही माला धक्क्याचे. आज सोमवार. तिथल्यासारखी एक मोहोर मारून दाखवा."

मायकलने सगळ्यांकडे पाहिलं आणि हसला. लाख ओतली, ठसा डोळ्यांसमोर धरून नीट जुळवला आणि दाबला. झाड सरळ उमटलं, शेंडा वर. काम सुबक झालं होतं.

विल्फ्रेड खुर्चीतून अर्धवट उठला होता.

"तुम्ही कशी मारली असती?" मेधाने विचारलं.

"सोमवार ना? झाड उजवीकडे, आडवं होण्याच्या बेतात." तो सासऱ्याकडे बघत बोलत होता. "आठवड्याच्या पहिल्या दिवशी सरळ. मग रोज थोडं थोडं फिरवत जायचं. सुट्टीच्या आदल्या दिवशी शेंडा खाली."

"मोहोरेचा छाप घेऊन कोणी खोटा ठसा केला, तरी त्याला वार माहीत नसतो," मेधा हारूनकडे वळली. "ही खजिन्याची गुपित खूण. कुठे लिहिलेली नाही, हाताने हाताला शिकवलेली. विल्फ्रेडच्या हातात ती इतकी मुरली आहे की इथेही तो तशीच मारत राहिला. डब्यातल्या फिती बघा. वेडंवाकडं काही नाही, दिवसागणिक झाड फिरत जातं. आणि ही शनिवारी मोडलेली. ही गुरुवारची असती तर झाड उलटं हवं होतं. ते सरळ आहे."

शिरीषनी मान खाली घातली. आपण काय बोललो होतो ते त्यांना आता आठवलं.

मेधा पुढे म्हणाली, शुक्रवारी कोणीतरी विल्फ्रेडची मोहोर मोडून दुसरी मारली. त्याला वाटलं, हा माणूस गबाळा आहे, ठसा कसाही दाबतो. वाकडीकडे कोणाचं लक्ष जाईल, सरळीवर कोण संशय घेणार? एडनचा माणूस असा विचार करूच शकत नाही. एडनचे नसलेले इथे कारखानीस आहेत. पण त्यांच्याकडे कचेरीची किल्ली नाही, आणि तिजोरीची त्यांनी कधी हातात धरली नाही. आणि दुसरे मायकल.

"मी एडनला होतो," मायकल म्हणाला.

"तुम्ही सांगितलेलं एडन कुठे नव्हतंच. राज्य उलटलं, झेंडा बदलला. पण बंदरात बोटी येतच होत्या, जकात घ्यायची होती, आजाऱ्यांना औषध द्यायचं होतं. त्यासाठी त्यांना तीच माणसं आणि त्याच रीती लागल्या. ग्लॅडिसला दुसऱ्या दिवशीची ड्यूटी आठवते, विल्फ्रेडला भिंतीचा रंग. तुम्हाला समुद्रात कागद आठवतात, कारण क्रांती अशीच असते असं लोकांना वाटतं. तुम्ही लोकांना वाटतं तेच सांगितलंत, आणि नोकरी मिळवलीत. कचेरी रोज सकाळी तुम्ही उघडता. मोहोरेपाशी एकटे असता. ओल्या पुट्टीत छाप घ्यायला तेवढा वेळ पुरतो."

मायकल डगमगला नाही. त्याचा आवाज आणखी मऊ झाला. "मॅडम, हात चुकला असेल माझा. खूप वर्षं झाली. पण शनिवारी ती मोहोर अंकलनी स्वतः मोडली. रीत त्यांचीच ना? झाड सरळ होतं तर त्यांनी पाहिलं नसतं? ते काहीच बोलले नाहीत. म्हणजे फीत तुम्ही नंतर बदलली असेल, नाहीतर विल्फ्रेडनेच मुद्दाम सरळ मारली, सुटायला."

"मुद्दाम मारली असती तर शनिवारीच ओरडून सांगितलं असतं. तो तिकिटाकडे बघत बसला आहे." पण पहिला मुद्दा मेधाने तसाच सोडला.

हारूनने एडवर्डकडे पाहिलं. पाहिलं होतं का नव्हतं, त्याने विचारलं.

उत्तर मेधाला माहीत होतं. भोकाभोवतीचे ते जुने ओरखडे, मायकल किल्ली लावू लागल्यावर थांबलेले, आणि नाकाजवळ नेलेलं उलटं कार्ड. पण ते तिने सांगण्यात अर्थ नव्हता. म्हाताऱ्याने आपल्या तोंडाने सांगितलं तर त्याची शपथ उतरणार होती, आणि सांगितलं तर त्याची नोकरी जाणार होती. आंधळा हेडक्लार्क कोण ठेवतो?

एडवर्डने कोटाचं वरचं बटण काढलं. बराच वेळ तो बोटं एकमेकांवर घासत राहिला.

"मी पाहिलं नाही," तो म्हणाला. "मला दिसत नाही, शेठ. वर्ष झालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मी बोटाने चाचपतो. तडा लागला नाही, म्हणून शाबूत म्हटलं. झाड कुठे होतं ते देवाला माहीत. किल्ली मायकलच्या हातात द्यायचो. रोज." तो थांबला. "मी न पाहता शपथ घेतली. माझ्या मुलीच्या नवऱ्यावर."

मायकलने दाराकडे पाहिलं, तेव्हा सदानंद कारखानीस पहिल्यांदाच धीटपणे दार लावून त्याला पाठ टेकून उभा होता.

हारूनचा ड्रायव्हर उस्मान मायकलला घेऊन मआमीरला गेला. परत आला तेव्हा मोत्यांची थैली, किल्लीची नक्कल आणि पुट्टीचा वाळका गोळा घेऊन आला. तांदळाच्या डब्यात होतं सगळं. मायकलने मग फार आढेवेढे घेतले नाहीत. तो मुंबई गोदीतला दलाल होता. एडन त्याने बोटीच्या कठड्यावरून पाहिलं होतं. मोती आहेत हे कळल्यापासून तो म्हाताऱ्याची किल्ली लावून देत होता, आणि म्हाताऱ्याला आवडेल तशी क्रांती रोज थोडी थोडी रंगवत होता.

हारूनने विल्फ्रेडचा पासपोर्ट दोन्ही हातांनी परत दिला आणि माफी मागितली, हिंदीत आणि मग अरबीत. एडवर्डच्या डोळ्यांचं ऑपरेशन इथेच करू, तोवर त्याने बसून राहावं, नोकरीचं नंतर बघू, म्हणाला. म्हाताऱ्याने ऐकलं की नाही, कळलं नाही. तो जिन्याकडे निघाला होता.

पहिल्याच पायरीवर त्याचा पाय अडला. विल्फ्रेडने दंड धरला. म्हाताऱ्याने तो सोडवून घेतला नाही. मेधा आणि शिरीष मागून उतरत होते, त्यांनी दोन पायऱ्या अंतर ठेवलं.

"ती रीत तू त्या पोराला शिकवलीस?" एडवर्डने विचारलं. "टायपिंगवाल्या?"

"हो, पपा. त्याने पुढे माला धक्क्यावरच्या नव्या लोकांनाही शिकवली."

"अजून मारत असतील तशीच?"

"असतील. मी निघालो तोवर तरी मारत होते."

दोघं आणखी काही पायऱ्या उतरले. खाली रस्त्यावर, उन्हात, ग्लॅडिस उभी होती. तिला अजून काहीच माहीत नव्हतं, पण तिने दोघांना एकमेकांना धरून येताना पाहिलं आणि भिंतीला हात टेकला.

"मी गेल्यावर," एडवर्ड म्हणाला, "माझ्या खुर्चीवर कोणाला बसवलं त्यांनी?"

विल्फ्रेड एक पायरी उतरला. "मला."

म्हातारा उभा राहिला. जावयाचा चेहरा त्याला दिसत नव्हता, तरी तो त्या बाजूला वळला.

"अकरा वर्षांत एकदा तरी सांगायचंस."

"तुम्ही विचारलं नाहीत, पपा."

एडवर्डने मान डोलावली, जावयाचा हात घट्ट धरला आणि पुढची पायरी कुठे आहे ते विचारलं.